अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स: क्रेडिट पोचतात, सरासरी मात्र स्वतः मांडून बघा

मी साताऱ्यात एका पतसंस्थेत लेखापाल आहे. धाकट्या मुलीने बी.कॉम.चं पहिलं वर्ष इथे केलं आणि दुसऱ्या वर्षाला दुसऱ्या जिल्ह्यात, वेगळ्या विद्यापीठाच्या कॉलेजात प्रवेश घेतला. त्यासाठी एबीसी, म्हणजे अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स वापरावी लागली. प्रत्येक विषयाला अभ्यासाच्या तासांनुसार ठरावीक क्रेडिट असतात; विद्यार्थ्याने कमावलेले ते क्रेडिट जमा ठेवणारं हे ऑनलाइन खातं. कॉलेज बदलणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी हे लिहिते आहे.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२१ मध्ये ही सोय सुरू केली. डिजिलॉकर या कागदपत्रं ठेवायच्या सरकारी अ‍ॅपमधून खातं उघडतं, बारा अंकी क्रमांक मिळतो. आपण स्वतः काही भरायचं नाही. क्रेडिट जमा करते ती शिकवणारी संस्था, विद्यार्थ्याने नेलेला कागद बँक स्वीकारत नाही. हा नियम मला फार पटला, त्यामुळे नोंदीवर कुणाला शंका घेता येत नाही. जमा झालेले क्रेडिट जास्तीत जास्त ७ वर्षं टिकतात. लग्न, आजारपण, घरची अडचण, कशानेही शिक्षण मध्येच थांबलेल्या मुलींसाठी हे किती मोलाचं आहे ते आमच्या पिढीतल्या बायकांना विचारा. एक काळजी घ्या: आधारवर आडनाव शेवटी असतं आणि आपल्याकडच्या गुणपत्रिकांवर बहुधा आधी, मागून आईचं नाव. खातं उघडण्यापूर्वी दोन्हीकडची नावं जुळवून घ्या.

आता सरासरीचं. एबीसी ही ठेव सांभाळणारी बँक आहे, सीजीपीए, म्हणजे सगळ्या सत्रांची मिळून श्रेणींची सरासरी, ठरवणं तिचं काम नाही. ते पदवी देणाऱ्या विद्यापीठाच्या नियमाने होतं, आणि तिथेच डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं.

सूत्र सोपं आहे. ओ श्रेणीला १०, ए प्लसला ९, ए ला ८, बी प्लसला ७, बी ला ६, सी ला ५, नुसत्या पासला ४. प्रत्येक विषयाचे क्रेडिट गुणिले हा आकडा, सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट. म्हणजे चार क्रेडिटचा विषय दोन क्रेडिटच्या विषयापेक्षा दुप्पट वजनाचा.

मुलीचं पहिलं सत्र २२ क्रेडिट, एसजीपीए (त्या एका सत्राची सरासरी) ८.५०, म्हणजे १८७ गुणांक. दुसरं सत्र २२ क्रेडिट, ७.००, म्हणजे १५४. नव्या कॉलेजने पहिलं सत्र पूर्ण घेतलं. दुसऱ्यातले दोन विषय त्यांच्या अभ्यासक्रमात बसत नाहीत म्हणून सोडले: एक चार क्रेडिटचा, सी मिळालेला, एक दोन क्रेडिटचा, बी मिळालेला. ते क्रेडिट तिला पुन्हा कमवावे लागणार होते. ठीक आहे, नियम म्हणजे नियम.

पण पहिल्या वर्षाची सरासरी लिहून आली ७.७५. कार्यालयात कुणीतरी ८.५० आणि ७.०० ची बेरीज करून दोनाने भागलं होतं. म्हणजे ज्या दोन विषयांचे क्रेडिट नाकारले, त्यांचेच कमी गुण सरासरीत तसेच ठेवले! त्या विद्यापीठाच्या नियमात तर स्पष्ट होतं की मान्य केलेले विषय तेवढे धरायचे. ते दोन विषय वगळले तर १५४ मधून ३२ जातात, उरतात १२२. १८७ अधिक १२२ म्हणजे ३०९, भागिले ३८ क्रेडिट, येतात ८.१३. आठाच्या खाली आणि आठाच्या वर यांत नोकरीच्या मुलाखतीच्या यादीत नाव येणं न येणं असतं. मुलगी म्हणाली, “आई, जाऊ दे ना, पुढच्या वर्षी भरून काढीन.” मी नाही जाऊ दिलं. तिने कमावलेलं तिला मिळायलाच हवं.

विषयवार तक्ता एका पानावर मांडून नेला. खिडकीवरच्या मुलाला काही कळेना, पण आतल्या ज्येष्ठ बाईंनी कॅल्क्युलेटर घेऊन ओळन्‌ओळ तपासली. “ताई, हे मांडून आणलंत ते बरं केलंत,” म्हणाल्या, आणि दुरुस्ती करून दिली. त्यांचे मनापासून आभार.

सगळीकडे हाच नियम असतो असं समजू नका. काही ठिकाणी बाहेरून आलेले क्रेडिट फक्त मोजतात आणि सरासरी नव्याने सुरू करतात. अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांत तर तसंच चालतं. पहिल्या वर्षी कमी पडलेल्या मुलाला त्याचा फायदा होतो, हुशार मुलाचं नुकसान. शिवाय किती टक्क्यांना कुठली श्रेणी, हेही विद्यापीठागणिक वेगळं असू शकतं, म्हणून जुनी गुणपत्रिका देताना तिच्या मागचा श्रेणींचा तक्ताही जोडा.

एबीसीला माझ्याकडून पाचपैकी चार तारे. पाचवा तारा मी राखून ठेवते आहे तो एका गोष्टीसाठी. प्रवेश घेतानाच, शुल्काची पावती फाडण्याआधी, कोणते विषय मान्य, किती क्रेडिट, कोणत्या श्रेणीने आणि सरासरीत धरणार की नाही, एवढं एका पानावर सहीशिक्क्यासह द्यायचं बंधन प्रत्येक कॉलेजवर घालावं. तोवर हे पान तुम्ही स्वतः अर्ज करून मागा, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.