संहितेवर जाहीर अभिप्राय मागवायला गूगल डॉक्स: काय जमतं, कुठे फसतं

जळगाव-धुळ्याकडे एकांकिका किंवा अहिराणी वेबमालिका लिहिणारे बरेच जण हल्ली कच्चा खर्डा गूगल डॉक्समध्ये टाकतात, लिंक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सोडतात आणि खाली लिहितात, 'मोकळेपणाने सांगा'. डॉक्स हे साधन या कामाला चांगलं आहे, फुकट आहे. फसतं ते 'मोकळेपणाने सांगा' यात. उत्तरादाखल अंगठे येतात, नाहीतर 'एक नंबर भो!'. आमचं मत आधीच सांगून टाकतो: लोकांपुढे सुरुवातीची आठ-दहा पानं ठेवा, पूर्ण संहिता नाव घेऊन बोलावलेल्या पाच-सहा जणांनाच द्या.

आधी मजकुराचं बघा. आपल्याकडे जुन्या संहिता अजून श्री-लिपीत टाइप केलेल्या सापडतात. तो मजकूर थेट चिकटवला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, कारण तो फॉन्ट युनिकोड (सगळीकडे सारखी दिसणारी अक्षरं) नाही. आधी कन्व्हर्टरमधून काढा आणि जोडाक्षरं व रफार डोळ्यांनी तपासा. गडबड तिथेच होते. फॉन्ट मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी ठेवा. रंगसूचना (पात्रांच्या हालचालींच्या, मंचावरच्या सूचना) तिरप्या अक्षरात नकोत, देवनागरी तिरपी केली की वाचवत नाही. साधा कंस पुरे.

बहुतेक वाचक मोबाइलवर वाचणार हे धरून मांडणी करा. पात्राचं नाव डावीकडे, टॅब मारून संवाद उजवीकडे ही छापील नाटकाची पद्धत फोनवर कोलमडते. दोन रकान्यांचा तक्ता तर उभ्या फोनवर चिंचोळा होऊन बसतो. नाव ठळक, पुढे अपूर्णविराम (:), त्याच ओळीत संवाद, एवढंच ठेवा.

संवादांना क्रमांक द्या, पण हाताने टाइप करून. डॉक्सचं आपोआप क्रमांक देणारं बटण इथे घात करतं. संवाद 17 काढला की 18 चा 17 होतो, आणि त्यापुढच्या संवादांवर क्रमांक सांगून आधी आलेले अभिप्राय एकेक घर सरकतात. व्हॉइस नोटवर 'ते मधलं जरा लांबलंय' असं सांगणारेही क्रमांक दिसला की 'बेचाळीसपासून कंटाळा येतो' म्हणायला लागतात. हा अभिप्राय उपयोगाचा.

आता लिंक. शेअर दाबल्यावर तीन पर्याय येतात: व्ह्यूअर (फक्त वाचणारा), कॉमेंटर (शेरे देणारा), एडिटर (मजकूर बदलू शकणारा). जाहीर लिंकला एडिटर कधीही नाही. कोणाचाही अंगठा चुकून फिरला की नाटकातला अख्खा प्रवेश गायब. तसं झालंच तर व्हर्जन हिस्टरीतून (फाइलच्या जुन्या प्रतींच्या नोंदीतून) परत मिळतो. लिंक सोडण्याआधी त्या प्रतीला 'खर्डा 1' असं नाव देऊन ठेवलं की शोधाशोध वाचते. शेअरच्या खिडकीत गिअरचं चिन्ह आहे, तिथे व्ह्यूअर आणि कॉमेंटर यांना डाउनलोड, प्रिंट, कॉपी बंद करता येतं. बंद करा, पण त्यावर विसंबू नका. स्क्रीनशॉट कोणी थांबवत नाही. शिवाय लिंक नंतर बंद केली तरी आधी निघालेल्या प्रती परत येत नाहीत.

कॉमेंटरला सजेशनचीही (ओळीतच बदल सुचवण्याची) मुभा असते, आणि अहिराणी लिहिणाऱ्याला सगळ्यात जास्त ताप तिथेच होतो. 'काय करी राह्यना?' या ओळीवर कोणीतरी काट मारतं आणि शेजारी रंगीत अक्षरात 'काय करतोयस?' उमटतं. असे वीस झाले की पान वाचण्याजोगं राहत नाही. यावल-रावेरकडचा वाचक ती ओळ तिकडच्या लेवा गणबोलीत आणेल, धुळ्याचा आपल्या वळणावर नेईल. म्हणून पहिल्याच ओळीत लिहा: 'पात्र साक्रीकडचं आहे, बोली सुधारू नका, अर्थ लागला नाही तरच सांगा.' बोलीच्या शब्दांखाली येणाऱ्या लाल रेघाही स्पेलिंगच्या पर्यायातून बंद करा. त्या दिसल्या की लेखक स्वतःच बिचकतो.

प्रश्न तीनच विचारा. कुठे कंटाळा आला? कुठल्या ठिकाणी कोण बोलतंय ते कळलं नाही? इथे थांबल्यावर पुढे काय होईल असं वाटतं? वाचकाला दुखणं नेमकं सांगता येतं, औषध मात्र बहुतेकदा चुकीचं सुचवलं जातं. 'शेवटी मुलगी परत यावी' अशी सूचना आली, तर मधे कुठेतरी तिच्या जाण्याचं कारण पटलेलं नाही, एवढंच त्यातून घ्यावं. एकमेकांशी संबंध नसलेले तिघं एकाच संवादावर अडले, तर तो संवाद उघडा. एकट्याची तक्रार नुसती नोंदवून ठेवा. वाद घालू नका. लेखक बचावाला उतरला की बाकीचे गप्प होतात.

दुरुस्त्या त्याच फाइलमध्ये नकोत. कॉमेंट ज्या ओळीला चिकटलेली असते ती ओळ तुम्ही पुसली, की कॉमेंट पानाच्या कडेवरून नाहीशी होते. वेगळी प्रत काढून तिच्यात काम करा.

चोरीची भीती अगदी खोटी नाही, पण नीट समजून घ्या. कॉपीराइट लिहिल्याबरोबर मिळतो, नोंदणीची सक्ती नाही. हवी असल्यास नाट्यकृतीला 500 रुपये शुल्क आहे, अर्ज ऑनलाइन होतो, आणि हरकतींसाठी 30 दिवस थांबावं लागतं. मात्र कल्पनेला संरक्षण नाही, ती मांडलेल्या रूपाला आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात हेच सांगितलं, आणि तोही वाद नाटकावरून सिनेमा उचलल्याचा होता. म्हणजे तुमचा विनोदी प्रसंग कोणी नव्या संवादांत बसवून रील केला, तर हात चोळत बसावं लागेल. ज्या एका कलाटणीवर सगळी एकांकिका उभी आहे, ती जाहीर पानांत येऊच देऊ नका.

उलटही घडतं. सजेशनमध्ये कोणी चमकदार संवाद लिहून दिला आणि तुम्ही टिक मारून जसाच्या तसा घेतला, तर तो शब्दशः त्याचा आहे. उद्या स्पर्धेसाठी लेखकाचं परवानगीपत्र देताना प्रश्न उठतो. सूचना घ्या, ओळ स्वतः लिहा. आणि 'नवी संहिता' मागणाऱ्या स्पर्धेत पाठवायची असेल तर लिंक सोडण्याआधी नियम वाचा.

प्रतिलिपी या कथा वाचायच्या-लिहायच्या अ‍ॅपचा पर्याय कथेला बरा. तिथे वाचक तारे देतात आणि भागाखाली अभिप्राय लिहितात, एखाद्या संवादावर बोट ठेवून बोलता येत नाही. नाटकाला ते निरुपयोगी. पाच-सहा जणांच्या वाचनानंतर मात्र डॉक्सही मिटा आणि नटांकडून मोठ्याने वाचून घ्या. कानाला अडखळणारा संवाद कॉमेंटमध्ये कोणीच पकडत नाही.