न्यू जर्सी, कॅलिफोर्निया की टेक्सास: प्रोटेक्शन ऑर्डर आणि मुलांचा ताबा

नवरा हात उचलतो, मुलं लहान आहेत, बहीण दुसऱ्या स्टेटमध्ये राहते, मग केस टाकायची कुठे? अमेरिकेत राहणाऱ्या आपल्याकडच्या मुलींसाठी लिहितेय, कारण तिथे स्टेट बदललं की कायदा बदलतो.

प्रोटेक्शन ऑर्डर (मारणाऱ्याने तुमच्यापासून लांब राहावं असा कोर्टाचा आदेश) किती टिकते हे बघितलं तर मला न्यू जर्सी सगळ्यात भक्कम वाटतं. शनिवारी रात्री पोलीस स्टेशनला गेलात तरी म्युनिसिपल जजकडून तात्पुरती ऑर्डर मिळू शकते, १० दिवसांच्या आसपास सुनावणी लागते, आणि फायनल ऑर्डरला तर मुदतच नाही, कोर्टाने रद्द करेपर्यंत चालूच. कॅलिफोर्नियात एका वेळी जास्तीत जास्त ५ वर्षं, नंतर वाढवून मिळते, कायमचीसुद्धा. टेक्सासमध्ये सहसा २ वर्षं, गंभीर प्रकरणात जास्त.

मुलांच्या ताब्यासाठी मात्र कॅलिफोर्नियाच्या फॅमिली कोडचं (कौटुंबिक कायद्याचं) ३०४४ कलम नीट वाचा. गेल्या ५ वर्षांत नवऱ्याने हिंसा केली असं कोर्टाला पटलं, तर त्याच्याकडे ताबा देणं मुलाच्या हिताचं नाही असंच कोर्ट धरून चालतं, आणि ते खोडून काढायची जबाबदारी त्याची. २०२१ पासून तर पैसे अडवणं, फोनवर पाळत ठेवणं, नातेवाइकांपासून तोडणं, व्हिसावरून धमकावणं हेही हिंसेत धरता येतं. प्रोटेक्शन ऑर्डर मागायच्या डीव्ही-१०० फॉर्मला मुलांच्या ताब्याचा डीव्ही-१०५ फॉर्म जोडायचा, म्हणजे ऑर्डरसोबतच ताबाही मागता येतो, फी नाही. न्यू जर्सीतही ऑर्डर देताना ताबा हिंसा न करणाऱ्या पालकाकडे असावा असंच गृहीत धरतात. टेक्सासमध्ये हिंसेच्या इतिहासाचा विश्वासार्ह पुरावा असेल तर कोर्ट जॉइंट कस्टडी (दोघांकडे मिळून ताबा) देऊ शकत नाही.

पण हे सगळं वाचून "मग न्यू जर्सीलाच जाते" असं लगेच ठरवू नका!! ताब्याची केस सहसा मूल आधीचे सलग ६ महिने जिथे राहिलंय त्याच स्टेटमध्ये चालते. जिवाला धोका असेल तर आधी निघा, बहिणीकडचं कोर्ट इमर्जन्सी म्हणून तात्पुरता आदेश देऊ शकतं आणि प्रोटेक्शन ऑर्डर सगळ्या स्टेट्सना मानावीच लागते, पण ताब्याचा शेवटचा निर्णय बहुतेक जुन्याच स्टेटमध्ये होणार, तेव्हा वकील दोन्हीकडचा विचारा.

मुलांना घेऊन थेट पुण्याला यायचा विचार असेल तर अजून सावध. एका पालकाने दुसऱ्या देशात नेलेली मुलं परत पाठवण्याचा जो आंतरराष्ट्रीय हेग करार आहे, त्यात भारत नाही म्हणून काळजी नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, २०२० मध्ये आपल्याच सुप्रीम कोर्टाने एका केसमध्ये मूल अमेरिकेला परत न्यायला सांगितलंय.

एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर आहात म्हणून ऑर्डर नाकारत नाहीत. न्यू जर्सीत असाल तर 'मानवी' ही संस्था १९८५ पासून दक्षिण आशियाई बायकांसाठीच काम करते, आणि कुठल्याही स्टेटमधून घरगुती हिंसेच्या राष्ट्रीय हेल्पलाइनला ८००-७९९-७२३३ वर चोवीस तास फोन लागतो. फक्त तो फोन नवऱ्याला दिसणार नाही अशा मोबाईलवरून करा, फॅमिली प्लॅनच्या बिलात नंबर उमटतात.