नाशिकच्या कॅनडा कॉर्नरजवळचा जॉर्जियन भाषेचा क्लास : सर्वनामांसाठी तरी जायलाच हवं

भाची एमबीबीएसला जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीला चाललीय, तिच्यासाठी क्लास शोधत होतो आणि शेवटी तिच्यासोबत मीपण बसायला लागलो. मॅडम मराठीतून शिकवतात, आणि पाठांतराची वाक्यं द्यायच्या आधी मी-तू-तो कुठून आले ते सांगतात, मला तर हाच भाग सगळ्यात भारी वाटला.

पहिल्याच तासाला फळ्यावर चार रकाने. जॉर्जियन, मिंग्रेलियन, लाझ, स्वान. चौघी एकाच मूळ भाषेतून निघालेल्या, त्यातली स्वान सगळ्यात आधी वेगळी झाली, मिंग्रेलियन आणि लाझ एकमेकींच्या सगळ्यात जवळच्या, आणि लाझ बोलणारे बहुतेक लोक तुर्कस्तानात काळ्या समुद्राच्या काठी राहतात. 'मी'साठी जॉर्जियनमध्ये 'मे', मिंग्रेलियन आणि लाझमध्ये 'मा', आणि स्वानमध्ये चक्क 'मी'! सगळा वर्ग ओरडला, पण मॅडमनी तिथेच थांबवलं की हा योगायोग आहे, या भाषांचं आपल्या भाषांशी नातं सिद्ध झालेलं नाही. 'मे'चं 'मा' होतं ते मात्र योगायोगाने नाही, जॉर्जियनमधल्या 'ए'च्या जागी मिंग्रेलियन आणि लाझमध्ये नियमाने 'आ' येतो.

मग आम्ही-आपण. समोरच्याला धरून की सोडून, हा फरक स्वानमध्ये अजून आहे, 'आपलं' म्हणजे 'गुश्ग्वे' आणि 'आमचं' म्हणजे 'निश्ग्वे'. जुन्या जॉर्जियनमध्येही तो होता, क्रियापदाच्या आधी 'आम्हाला'साठी 'म' आणि 'आपल्याला'साठी 'ग्व' लागायचं. आता दोन्हीला 'ग्व'च. इंग्रजीतून शिकवलं असतं तर दोन्हीकडे 'वी'च, इथे मराठी पोरांना एका मिनिटात कळलं.

सगळ्यात रंगला तो 'त्याने'चा तास. तो म्हणजे 'इस', त्याने म्हणजे 'मान', त्याला म्हणजे 'मास'. पण 'मे' तिन्ही ठिकाणी 'मे'च राहतो, जसं आपण 'मी लिहितो, मी लिहिलं' म्हणतो पण 'तो'चं 'त्याने' होतं. आणि पुढची गंमत म्हणजे हे 'मान' सर्वनाम जुन्या काळी नामाला जाऊन चिकटलं. 'कात्सी' म्हणजे माणूस, जुन्या जॉर्जियनमध्ये 'माणसाने'ला 'कात्समान', आज झिजून 'कात्समा'. म्हणजे आजचा 'ने'सारखा प्रत्यय हा एकेकाळचा 'त्याने' आहे!! त्या दिवशी तास संपला तरी कोणी उठेना.

तक्रारी आहेत. घशात अडकवून काढायचे आवाज नुसते तोंडी करून दाखवतात, रेकॉर्डिंग द्यायला पाहिजे, घरी कशाशी ताडून बघणार? झेरॉक्स इतक्या फिक्या की जॉर्जियन अक्षरांच्या वेलांट्या एकमेकींत मिसळतात, आमच्या भाचीने सगळ्या पेनाने गिरवल्या. संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळत नाही.

फी वाजवी आहे. ज्यांना फक्त टॅक्सी आणि हॉटेलपुरतं बोलायचंय त्यांना सुरुवातीचे तास लांबलेले वाटतील. पण ज्यांना तिकडे पाच-सहा वर्षं काढायचीत त्यांनी हाच क्लास लावा, क्रियापदं आली की हे 'ग्व'सारखे तुकडे पावलोपावली लागतात. शक्यतो सकाळची बॅच मागा, पोरं कमी असतात आणि मॅडम प्रत्येकाची वही बघतात.