कोरड्या अंगाला खोबरेल की पेट्रोलियम जेली?

दोन्हींत पाण्याचा थेंबही नसतो, त्यामुळे कोरड्या ठाक त्वचेवर कितीही चोळलं तरी ओलावा येत नाही. आधी कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटांत अंघोळ उरकावी, पंचाने अंग नुसतं टिपावं आणि त्वचा दमट असतानाच, तीन मिनिटांच्या आत, लावावं.

खोबरेल पटकन पसरतं. हात-पायांना दोन चमचे पुरतात, खरखरीत नडग्या लगेच मऊ लागतात. पण अंघोळीआधी तेल लावून वर साबण घासला की बरंचसं तेल मोरीत जातं. ही चूक घरोघरी होते. थंडीत ते थिजतं, तेव्हा बाटली गरम पाण्यात ठेवावी. पाठीवर मुरुमं येत असतील तर तिथे नकोच.

ओलावा अडवण्यात मात्र जेली सरस, तेलाहून कितीतरी. चिकट असते, कपड्यांना लागते, म्हणून सगळ्या अंगाला नको. कोपरं, घोटे, टाचा यांना रात्री वाटाण्याएवढी घेऊन तळहातावर चोळून पातळ थर द्यावा, वर सुती मोजे. टाचेची भेग खोल असेल, रक्त येत असेल किंवा मधुमेह असेल तर थेट डॉक्टरांना दाखवा.

अंगाला खोबरेल, टाचांना जेली, हे आमचं मत.