आजीची स्मरणपुस्तिका छापून घेताना

आजीच्या वर्षश्राद्धाला येणाऱ्या आप्तांच्या हाती तिची काही आठवण राहावी म्हणून पुण्यातील एका मुद्रणसेवेकडून आम्ही ४८ पानांची स्मरणपुस्तिका करून घेतली. डीटीपी आणि बांधणी धरून १५० प्रतींचे २१ हजार रुपये झाले.

छपाईबद्दल माझी तक्रार नाही. आजीचा तरुणपणचा एकच फोटो घरात होता, तोही जत्रेत काढलेला आणि घडी पडून मधोमध चिरलेला. त्यांनी तो स्कॅन करून घडीची रेघ पुसली, मात्र कपाळावरचे आडवे कुंकू, गळ्यातली तुळशीची माळ आणि उन्हाने रापलेला चेहरा जसाच्या तसा ठेवला. अक्षरही एवढे ठसठशीत आहे की आत्याला भिंग शोधावे लागले नाही.

अडचण मजकुरात आली. त्यांच्या अर्जात जन्मतारखेचा रकाना रिकामा ठेवता येत नाही, म्हणून आधार कार्डावरची १ जानेवारी मुखपृष्ठावर आली. आजीला स्वतःला तारीख ठाऊक नव्हती. “गांधीबाबाला मारलं तवा थोरला रांगत हुता,” एवढाच तिचा हिशेब, आणि त्यावरून आम्ही तिचे वय ९३ धरले. हे वाक्यच मुखपृष्ठावर घ्या, असे सांगितल्यावर तिथल्या गृहस्थांना ते बरे दिसेना. शेवटी ते आतल्या पहिल्या पानावर गेले.

त्याहून खटकला तो त्यांचा तयार मजकूर. धर्मपरायण, प्रेमळ, कष्टाळू ही विशेषणे कोणाच्याही आजीला लागू पडतात. आमची आजी सांगोल्याकडची. १९७२ च्या दुष्काळात दिवसभर खडी फोडून आल्यावर ती तांबड्या मिलोच्या, म्हणजे बाहेरदेशातून आलेल्या ज्वारीच्या, भाकरी करीत असे, आणि ते पीठ थापताना तुटते म्हणून आधी त्याची उकड काढीत असे. शेजारच्या पोरांना पहिली भाकरी मिळे, आमच्या वडिलांना नंतर. एकादशीला ती स्वतः पाण्यावर राही, पण चूल मात्र पेटलेली असे. “उपास माझा हाय, लेकरांचा न्हाई,” असे ती म्हणे. तीसेक किलोमीटरवरच्या पंढरपूरला ती गुडघे धरेपर्यंत पायीच गेली. तयार मजकूर काढून हे सारे घालायला त्यांनी खळखळ केली नाही, एवढे मान्य केले पाहिजे.

ओव्यांच्या पानांवर मात्र मुद्रितशोधकाने हात फिरवला. आत्याच्या तोंडून उतरवून घेतलेल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्यांत ‘इठ्ठल’चा ‘विठ्ठल’ आणि ‘रुखमीन’ची ‘रुक्मिणी’ झाली. पुढच्या ओळीच्या शेवटी ‘येईन’ होते, त्यामुळे यमकच गेले. शुद्धलेखनाचा नियम तिथे लावायचा नसतो, हे मुद्रणाच्या धंद्यातल्या माणसाला सांगावे लागावे याचे नवल वाटले. दुरुस्तीच्या प्रुफाचे वेगळे बाराशे रुपये त्यांनी घेतले, ते मला गैर वाटते.

काम द्यायचेच असेल तर किती प्रुफे मिळणार ते आधी लिहून घ्यावे, आणि ओव्या असतील तर नुसत्या डोळ्यांनी तपासू नयेत. आमचे दुसरे प्रूफ आत्याने मांडीवर घेऊन मोठ्याने गाऊन पाहिले, आणि गळा जिथे अडला तिथे मी पेन्सिलीने खूण केली. सात खुणा झाल्या.