हायब्रिडच्या बॅटरीसाठी घेतलेला ब्लूटूथ स्कॅनर, नऊ महिन्यांनी

फेब्रुवारीत घेतला, आता नोव्हेंबर, तेव्हा लिहायला हरकत नाही. ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे आणि फॉल्ट कोड वाचायच्या सॉकेटला लावायचा ब्लूटूथ डोंगल, अडीच हजाराच्या आसपास पडला. गाडी जुनी, सेकंडहँड हायब्रिड सेदान, निकेल मेटल हायड्राइड बॅटरीवाली, रोज डिचोली ते वेर्णा आणि परत. ब्रँडचं नाव मुद्दाम टाकत नाही.

पहिले दोन आठवडे मी येडाच झालो होतो. फुकटच्या अ‍ॅपात टेंपरेचर ८८ दिसायचं आणि मी घाबरून सावली शोधत फिरायचो, नंतर कळलं ते इंजिनच्या कूलंटचं! हायब्रिड बॅटरीचे आकडे साध्या ओबीडीत मिळत नाहीत, प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, त्याला आपल्या गाडीला चालणारं हायब्रिडवालं अ‍ॅपच लागतं. ते पैसे देऊन घेतलं तेव्हा कुठे बॅटरीतले तीन सेन्सर वेगवेगळे दिसायला लागले.

खरी कसोटी मे महिन्यात. भर दुपारी झुवारीच्या पुलाजवळ डॅशवर त्रिकोण पेटला, इंजिन बंद व्हायलाच तयार नाही, ईव्हीवर, म्हणजे नुसत्या बॅटरीवर, जाईना. कोड पी०ए९बी, म्हणजे हायब्रिड बॅटरी टेंपरेचर सेन्सर सर्किट. एका गॅरेजात दाखवलं तर कोड बघून दोन मिनिटांत निकाल, अख्खी बॅटरीच बदला. आकडा ऐकून मी चहा पण न पिता निघालो. अहो, कोड फक्त सर्किट म्हणतोय, त्यात सेन्सर आला, वायर आली, कनेक्टर आला, बॅटरी मेली असं त्यात कुठे लिहिलंय?

मग घरी लाइव्ह डेटा बघत बसलो. सगळीकडे सल्ला मिळतो की रात्रभर उभ्या गाडीचे सेन्सर सकाळी बघा, सगळे हवेइतकेच आणि एकमेकांसारखे दिसले पाहिजेत. माझे आले २७, २५, २७. दोन डिग्री म्हणजे काय, सोडून दिलं. इथेच फसलो. दुपारी वेर्ण्याहून परत येताना बायकोला फोन धरायला दिला तर ४४, ३८, ४५! मधला सेन्सर सगळ्यात थंड? बॅटरी ज्या ठोकळ्यांची बनते त्या मॉड्यूलपैकी मधल्यांना हवा कमी मिळते, तेच जास्त तापायला हवेत. आणि स्पीडब्रेकरवर गाडी आपटली की तोच आकडा क्षणभर उणे ४०, डिचोलीत, मे महिन्यात. बायको म्हणाली, तुमच्या बॅटरीत काश्मीर आहे.

कारण नंतर डोक्यात शिरलं. हे सेन्सर एनटीसी थर्मिस्टर असतात, तापले की रेझिस्टन्स कमी होतो. कनेक्टरला गंज धरला की तो आपला थोडा रेझिस्टन्स वर घालतो, त्यामुळे गाडीला बॅटरी आहे त्यापेक्षा थंड वाटते. सकाळी थर्मिस्टरचाच रेझिस्टन्स मोठा असतो, त्यात गंजाचा वाटा दिसत नाही, दुपारी थर्मिस्टरचा उतरतो आणि तोच गंज भारी पडतो. तार पूर्ण सुटली की उणे ४०, शॉर्ट झाली की उलट भलतंच गरम. म्हणून फक्त सकाळचा आकडा बघून निर्धास्त राहू नका, तापल्यावर परत बघा. आणि थंड दिसणारा सेन्सर जास्त वाईट, कारण गाडी त्याच्यावर भरवसा ठेवून बॅटरी गार ठेवणारा फॅन हळू चालवते.

बॅटरी उघडायचं धाडस मी केलं नाही, दोनशेच्या वर व्होल्ट आहेत, खेळ नव्हे. म्हापशाला हायब्रिडचं काम येणारे एक म्हातारे मेस्त (मिस्त्री) आहेत, त्यांनी हातात हायव्होल्टेज ग्लव्हज घालून मोठ्या बॅटरीचं सर्किट तोडणारा नारिंगी सर्व्हिस प्लग काढला आणि मला म्हणाले, "आता दहा मिनिटं कशाला हात लावायचा नाही, बस तिथे गप." मधल्या सेन्सरच्या कनेक्टरची एक पिन हिरवीगार, गेल्या पावसात डिकीत पाणी झिरपलं होतं त्याचा प्रसाद. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, पिन घट्ट केली, डिकीचं रबर बदललं. मागच्या सीटजवळची फॅनची जाळी काढली तर खाणीची लाल धूळ गच्च भरलेली, ती पण धुतली. सेन्सर जुनाच आहे.

आता तक्रारी. सगळे आकडे एकदम लावले की डोंगल गोगलगाय, दोन-तीन सेकंदांनी एक रीडिंग, तेवढ्यात उणे ४० येऊन निघून पण जातं, म्हणून फक्त तीन सेन्सर आणि फॅन एवढंच लावा. ब्लूटूथ मध्येच सुटतं. आणि पोर्टला लावून ठेवू नका हो! चवथीला चार दिवस गावी होतो, गाडी घरीच, आल्यावर बारा व्होल्टची बॅटरी ठार. मोठी बॅटरी भरलेली असून गाडी रेडी होईना, आणि बारा व्होल्टची बॅटरी डिकीत, डिकी बटणाने उघडणारी, मग सीटवरून आत रांगत जायचा कार्यक्रम झाला, तोही नव्या कपड्यांत.

तरी पाचपैकी चार देईन. ऑक्टोबरच्या उन्हात परत दुपारी बघितलं, ४२, ४४, ४२. मधला सगळ्यात गरम, हवा तसा.