‘तुमची सायकॉलॉजी कच्ची आहे’ असं कुणी म्हणालं, तर पैसे भरू नका

कराडला मी दहावीच्या गणिताचे खासगी क्लास घेतो. सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी पाच ते आठ. मधला दिवस मोकळा असतो. एप्रिल ते ऑगस्ट २०२४ या पाच महिन्यांत त्या मोकळ्या वेळात शेअर बाजारात ऑप्शन्सचे सौदे करून माझे २ लाख २७ हजार रुपये गेले. ‘ट्रेडिंग सायकॉलॉजी’च्या, म्हणजे सौदे करताना मन कसं ठेवायचं त्याच्या, पुस्तकांचे २,४९९ आणि खासगी मार्गदर्शनाचे, ‘मेंटॉरशिप’चे, १८,००० त्याशिवाय. हे लिहायला इतके दिवस लागले, कारण खूप काळ मला मनापासून वाटत होतं की दोष माझ्या मनाचाच आहे. माझा तसा समज व्हावा म्हणूनच ती पुस्तकं माझ्या हातात आली होती, हे फार उशिरा कळलं.

ट्रेडिंग शिकायचं तर आधी पुस्तक वाचायचं, असं मी ठरवलं होतं आणि त्यात काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. अडचण एवढीच होती की चांगली पुस्तकं बहुतेक इंग्रजीत, आणि मराठीत काय घ्यावं ते सांगणारं कुणी नव्हतं. मोबाइलवर जाहिरात आली: ‘ट्रेडिंग सायकॉलॉजी, १२ पुस्तकांचा मराठी कॉम्बो’. मराठी हा शब्द बघूनच मी पैसे भरले. पैसे कुठल्या प्रकाशकाच्या नावावर गेले नाहीत, यूपीआयवर एका व्यक्तीचं नाव आलं. तिथेच थांबायला हवं होतं.

कुरिअरने आली ती बारा स्पायरल बाइंडिंगं. लेखकाचं नाव नाही, अनुवादकाचं नाव नाही, आवृत्ती नाही, प्रकाशकाचा पत्ता नाही. मजकूर मशीनने भाषांतर केलेला. एका पानावर ‘भाव पडायला लागले की लहान जा’ असं छापलं होतं. त्या वाक्यावर मी अर्धा तास घालवला. शॉर्ट करणं, म्हणजे आधी विकून नंतर स्वस्तात घेणं, याचं ते भाषांतर होतं. आपल्याला समजत नाही म्हणजे विषय अवघड असणार, असं मी धरून चाललो. प्रत्येक बाइंडिंगच्या शेवटच्या पानावर एक क्यूआर कोड होता. तो स्कॅन केला की टेलिग्रामच्या गटात प्रवेश.

गटात रोज सकाळी ‘नमस्कार फॅमिली’ने सुरुवात व्हायची. गट चालवणारे ‘सर’ नफ्याचे स्क्रीनशॉट टाकायचे. मग एखादं सुवचन, बहुतेक वेळा जेसी लिव्हरमोर या जुन्या अमेरिकी सट्टेबाजाच्या नावावर. १९२९च्या मंदीत विकून या माणसाने कोट्यवधी डॉलर कमावले, हे आम्हाला पाठ झालं होतं. १९३४ साली त्याने दिवाळखोरी जाहीर केली आणि १९४० साली आत्महत्या केली, हे गटात कुणी एकदाही सांगितलं नाही. ते मी नंतर स्वतः शोधून वाचलं.

आता ३ जून २०२४ बद्दल सांगतो, कारण सगळा प्रकार त्यात दिसतो. शनिवारी लोकसभेचे एक्झिट पोल आले होते आणि सोमवारी निफ्टी हा बाजाराचा निर्देशांक तीन टक्क्यांहून जास्त वर होता. दुपारी तीनच्या सुमाराला मेसेज आला, ‘उद्या मोठा गॅप-अप. बँक निफ्टीचे कॉल घेऊन ठेवा. घाबरटांनी बाहेर बसा.’ गॅप-अप म्हणजे बाजार आदल्या दिवसापेक्षा वर उघडणं, बँक निफ्टी हा बँकांच्या शेअरचा निर्देशांक, आणि कॉल म्हणजे तो चढला तर फायदा देणारा ऑप्शन. मी वीस लॉट, म्हणजे ठरावीक नगांचे वीस गठ्ठे, घेतले. तेव्हा बँक निफ्टीचा लॉट १५चा होता, म्हणजे ३०० नग, २१० रुपयांच्या भावाने ६३ हजार रुपये. खात्यात तेव्हा दीड लाखाच्या आसपास होते. ४ जूनला मतमोजणी सुरू झाली आणि निफ्टी दिवसअखेर जवळजवळ सहा टक्के पडून बंद झाला. माझे कॉल दुपारी पाच रुपयांवर आले. साडेएकसष्ट हजार रुपये एका दिवसात गेले. संध्याकाळी पाचची बॅच होती. फळ्यावर वर्गसमीकरण लिहून दिलं आणि मुलं सोडवत असताना खिडकीशी उभा राहिलो. पुढे काय शिकवलं ते मला आठवत नाही.

रात्री सरांना मेसेज केला. उत्तर आलं, ‘लोभामुळे धरून बसलात. तुमची सायकॉलॉजी कच्ची आहे. सातवं पुस्तक पुन्हा वाचा.’ त्याच गटातल्या एकाने सकाळीच तोट्यात विकून पैसे वाचवले होते. त्यालाही उत्तर मिळालं, ‘भीतीने विकलंत, विश्वास नाही तुमचा. सातवं पुस्तक पुन्हा वाचा.’ धरून ठेवलं तर लोभ, विकलं तर भीती. दिलेला सल्लाच चुकला होता, हे कुठेच आलं नाही. पण त्या रात्री मला हे दिसलं नाही. मी सातवं पुस्तक खरंच पुन्हा वाचलं आणि १८,०००ची मेंटॉरशिप घेतली, मन पक्कं करायला.

माझ्या बायकोला बाजारातलं काही कळत नाही. ऑगस्टमध्ये ती एवढंच म्हणाली, “अहो, तुम्ही मुलांना नुसत्या उत्तराला मार्क देत नाही, पायऱ्या दाखव म्हणता. या सरांनी कधी पायऱ्या दाखवल्या का?” मी गटातले जुने मेसेज वर सरकवत गेलो. चुकलेले सल्ले पुसले होते. काही बरोबर सल्ल्यांखाली ‘एडिटेड’ असा बारीक शब्द होता. म्हणजे भाव गाठल्यावर आकडा बदलला होता.

मग मी माझ्या कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे ब्रोकरने पाठवलेल्या सौद्यांच्या पावत्या, काढून बसलो. पाच महिन्यांत ४१२ सौदे. घेताना २० आणि विकताना २० रुपये ब्रोकरेज, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एका सौद्याला ४७ रुपये २० पैसे. शिवाय एसटीटी हा सौद्यावरचा सरकारी कर आणि एक्स्चेंजचे चार्जेस. एकूण ४१ हजारांच्या आसपास नुसता खर्च. मन कितीही शांत असतं तरी हे पैसे जाणारच होते. बारा पुस्तकांत या खर्चाबद्दल एक ओळ नव्हती.

दिवाळीनंतर दहावीच्या सरावपुस्तिका घ्यायला पुण्याला गेलो होतो. अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानात सहज शेअर बाजाराच्या कपाटाशी उभा राहिलो. स्टीव्ह निसन यांचं कँडलस्टिकवरचं, म्हणजे भाव दाखवणाऱ्या मेणबत्तीसारख्या आकृत्यांवरचं, इंग्रजी पुस्तक उघडलं आणि माझ्या तिसऱ्या बाइंडिंगमधल्या आकृत्या समोर आल्या. त्याच रेषा, फक्त माझ्याकडे खालची नावं कापलेली. शेजारी अलेक्झांडर एल्डर यांचं १९९३चं पुस्तक होतं. ते स्वतः मानसोपचारतज्ज्ञ. माझं सातवं पुस्तक म्हणजे त्याचीच सुरुवातीची प्रकरणं होती. मूळ पुस्तकात पुढे पैशांच्या नियोजनाचा भाग आहे. एका सौद्यात भांडवलाच्या दोन टक्क्यांहून जास्त जोखीम घेऊ नका, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. तो भाग माझ्या बाइंडिंगमध्ये नव्हता. दीड लाखाचे दोन टक्के म्हणजे तीन हजार. मी ६३ हजार लावले होते. पुस्तक चोरून छापणं हा गुन्हा आहेच, पण नेमका वाचवणारा भाग काढून बाकीचं विकणं, याचा मला जास्त राग येतो.

सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीचा, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, अभ्यास आला होता. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्सचे, म्हणजे पुढच्या भावावरच्या करारांचे, सौदे करणाऱ्या एक कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात, खर्च धरून सरासरी तोटा माणशी दोन लाखांच्या आसपास. तो आकडा वाचून माझ्या डोक्यावरचं ओझं थोडं उतरलं. एवढ्या सगळ्यांची मनं कच्ची असतील, हे मला पटत नाही. राग, लोभ, भीती हे खरंच आहे, मी ते भोगलंय. पण सौद्याचं गणितच तोट्याचं असेल तर मन घट्ट केल्याने फक्त तोटा जास्त वेळ सहन होतो.

सरांनी ‘सेबी रजिस्टर्ड’ म्हणून जो आयएनएने सुरू होणारा, गुंतवणूक सल्लागारांना मिळतो तसा नंबर दिला होता, तो सेबीच्या साइटवरच्या यादीत टाकला तर भलत्याच माणसाचं नाव आलं. विचारल्यावर मला ब्लॉक केलं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, सायबर क्राइमच्या पोर्टलवरही केली. फीचे पैसे कधीच पुढे निघून गेले होते. सौद्यांतला तोटा माझ्याच खात्यातून, माझ्याच हाताने झालेला, त्यामुळे तो मागायला जागाच नाही. पैसे गेल्या गेल्या, त्याच तासात १९३० वर फोन करा. मी पाच महिने थांबलो.

आता पुस्तक घेताना मी मागून सुरुवात करतो. शेवटच्या पानावर क्यूआर कोड, गट किंवा कोर्स असेल तर ते पुस्तक नाही, ती जाहिरात आहे. मग अनुक्रमणिकेत जोखीम आणि भांडवलाचं प्रकरण शोधतो. लेखकाने स्वतःचा तोट्यातला सौदा तारीख आणि भावासकट दिलाय का, ते बघतो. अमेरिकेचं पुस्तक असेल तर तिथले लॉट, कर, खर्च वेगळे, हे डोक्यात ठेवून वाचतो. आपल्याकडचे नियम समजून घ्यायला सेबीनेच स्थापन केलेल्या एनआयएसएम या प्रशिक्षण संस्थेचं डेरिव्हेटिव्हज (म्हणजे फ्युचर्स-ऑप्शन्स) परीक्षेचं अभ्यासपुस्तक मला सगळ्यात उपयोगी पडलं. रुक्ष आहे, पण कुठलंही आमिष नाही. आणि कुणी ‘फक्त शिकवतो’ म्हणून आजचे भाव दाखवून शेअर सांगत असेल तर सावध व्हा. जानेवारी २०२५च्या परिपत्रकात सेबीने नुसतं शिक्षण देणाऱ्याला मागच्या तीन महिन्यांचे भाव वापरायला मनाई केली होती.

बारा बाइंडिंगं मी रद्दीत दिली नाहीत. गेल्या महिन्यात क्लासमधल्या एका मुलाचे वडील तशीच जाहिरात घेऊन आले. ऊस गेला होता, बिल जमा झालं होतं. मी काही समजावत बसलो नाही. सातवं बाइंडिंग आणि मूळ पुस्तक टेबलावर शेजारी ठेवलं आणि गाळलेली पानं त्यांना मराठीत सांगत गेलो. दोन टक्क्यांपाशी त्यांनी मला थांबवलं, खिशातून पेन काढलं आणि बिलाच्या पावतीच्या मागे हिशोब मांडायला घेतला.